शास्त्रीय नृत्य पडद्यावर दाखवायचे, तर कोणते चित्रपट निवडावेत?

टिळकवाडीकर यांचा प्रश्न

नमस्कार. बेळगावात आमच्या वाचनालयाच्या छोट्या सभागृहात पावसाळ्याच्या महिन्यांत शास्त्रीय नृत्याशी संबंधित चित्रपट दाखवावेत, असा विचार काही सभासदांनी मांडला आणि निवडीचे काम माझ्याकडे आले. येणारे प्रेक्षक म्हणजे टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांतल्या नृत्यवर्गांना जाणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक. सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते : आमच्याकडे एखादी मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथकच्या मध्यमेची तयारी करत असते, तर तिच्याच शेजारची मुलगी कर्नाटक शासनाच्या भरतनाट्यमच्या ज्युनिअर परीक्षेला बसलेली असते. त्यामुळे एकाच शैलीचे चित्रपट दाखवून भागणार नाही.

निवडीसाठी बरीच गाणी आणि काही पूर्ण चित्रपट मी घरी पाहून काढले, तेव्हा एक गोष्ट सारखी खटकत राहिली. अलीकडच्या बहुतेक चित्रपटांत, नृत्य बसवणारे गुरू कितीही थोर असले तरी, नाचणारी व्यक्ती आपल्याला अखंड अशी दिसतच नाही. एका क्षणी नुसते डोळे दिसतात, दुसऱ्या क्षणी घुंगरू, मग घेराची गिरकी थेट छतावरून, मग मागे नाचणाऱ्या पन्नास जणी, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याच्या नेमक्या वेळी नर्तकीऐवजी नायकाचा चेहरा. ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः, यतो दृष्टिस्ततो मनः’ हा नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’तला श्लोक वर्गात पहिल्या वर्षापासून पाठ करून घेतला जातो. हात जिथे जाईल तिथे दृष्टी, दृष्टी जाईल तिथे मन, मनामागे भाव आणि भावामागे रस, अशी ती साखळी आहे. पण पडद्यावर हात चौकटीबाहेर आणि दृष्टी चौकटीत असेल, तर ती साखळी मुलांनी शोधायची कुठे? वर्गातल्या मुली वार्षिक कार्यक्रमात चित्रपटातले जे उचलून आणतात तेही बहुधा असे सुटे तुकडेच असतात : एक कटाक्ष, एक गिरकी आणि शेवटची पोज.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, ज्यांत कॅमेऱ्याने नृत्याचा मान राखला आहे असे चित्रपट कोणते, आणि चित्रपटांतील गाजलेली नृत्यगीते या उपक्रमात घ्यावीत की ती मुळीच टाळावीत. माहितीपटांना मुले कंटाळतील अशी भीती काही पालकांनी बोलून दाखवली आहे, त्याबद्दलही कोणाचा अनुभव असल्यास कळवावे.


तत्कार यांचे उत्तर

ताई, तुमच्या निरीक्षणाशी मी निम्मा सहमत आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण निवडीचा निकष त्यावरच ठरणार आहे.

कॅमेरा जवळ गेला की नृत्य बिघडले, असे सरसकट म्हणता येणार नाही. रंगमंचासमोर वीस-तीस हातांवर खुर्ची टाकून नृत्य पाहणे आपल्याला आज स्वाभाविक वाटते, पण ती सवयच मुळात फार जुनी नाही. लखनौच्या परंपरेतला ठुमरीवरचा भाव घडला तो बैठकीत, जिथे कलावंत आणि रसिक यांच्यामध्ये फार तर एका गालिच्याचे अंतर असे आणि एकाच ओळीवर, बसल्या जागी, भुवईच्या आणि बोटांच्या हालचालीने निरनिराळे अर्थ उलगडून दाखवले जात. आपल्या बैठकीच्या लावणीची अदाकारी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. अशा अभिनयासाठी हजार आसनांचे नाट्यगृह हीच खरी गैरसोय आहे, आणि कॅमेरा जवळ नेऊन दिग्दर्शक एका अर्थाने त्या बैठकीतली पुढची जागा प्रेक्षकाला परत मिळवून देत असतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या चित्रपटातील ‘कान्हा मैं तोसे हारी’. ही बिंदादीन महाराजांची ठुमरी; ती बसवली बिरजू महाराजांनी, गायलीही त्यांनीच, आणि वाजिद अली शाहच्या दरबारात ती सादर करतात शाश्वती सेन. या प्रसंगात कॅमेरा घाई करत नाही. तो जवळ येतो, पण हात आणि चेहरा यांची ताटातूट करत नाही, आणि ओळ संपण्याआधी नजर दुसरीकडे वळवत नाही. शिवाय त्या नृत्याला कथेत स्वतःची जागा आहे : राज्य हातचे जाण्याची बातमी दाराशी आलेली असताना नवाब नृत्यात गुंतलेला आहे, त्यामुळे नृत्याचा संथपणा हाच त्या प्रसंगातला ताण होऊन बसतो. नृत्य तोडले असते तर हा ताणही तुटला असता.

नृत्ताची, म्हणजे अभिनयाविना केवळ लयीच्या नृत्याची, गोष्ट मात्र निराळी आहे आणि तेथे तुमचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. तुकडा, परण, तिहाई, चक्करदार या तालरचनांत शब्दार्थ नसतो. तेथे अर्थ असतो तो शरीराने काळाशी केलेल्या हिशेबाचा. तिहाईत एकच बोलसमूह तीनदा येऊन समेवर पडतो आणि पाहणारा मनातल्या मनात तो हिशेब करत असतो. तिसऱ्या आवर्तनाआधी दृश्य तुटले, तर हिशेब जुळला की संकलकाने जुळवला, हे कळायला मार्ग राहत नाही. सत्तावीस चक्करांचेही तेच. ती सलग पाहिली तर त्यांत साधना दिसते. तीन ठिकाणी तोडून जोडली, तर पडद्यावर फक्त कापड फिरताना दिसते.

म्हणून माझा निकष असा आहे की, अभिनयात हात आणि चेहरा एकाच चौकटीत हवेत, नृत्तात डोक्यापासून पायापर्यंत संपूर्ण शरीर हवे, आणि दोन्हींत ताल पूर्ण होईपर्यंत दृश्य तुटू नये. ‘देवदास’ (२००२) मधले ‘काहे छेड’ या कसोटीवर लावून पाहा. बसवणारे बिरजू महाराज आणि कथक शिकलेली माधुरी दीक्षित, म्हणजे सामग्रीत काहीही उणे नाही. तरीही महालाची भव्यता आणि वस्त्रांचा झगमगाट नृत्याच्या आधी बोलू लागतात. त्याच महाराजांचे, त्याच लखनौ परंपरेतले काम दोन दिग्दर्शकांच्या हाती कसे वेगवेगळे झाले, हे मुलांना पाठोपाठ दाखवले तर व्याख्यानाची गरज पडणार नाही. गाणी टाळू नका, पण ती अशी जोडीने लावा.


निपाणीचा प्रेक्षक यांचे उत्तर

आपल्या भागात नृत्याच्या चित्रपटांचा विषय निघाला आणि व्ही. शांताराम यांचे नाव कोणी अजून घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. ते कोल्हापूरचे, म्हणजे निपाणीकरांना तर ते घरचेच. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) हा टेक्निकलरमध्ये चित्रित झालेल्या आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक आहे. नायक म्हणून स्वतः गोपीकृष्ण यांच्यासारखा कथकचा नर्तक, गुरूच्या भूमिकेत केशवराव दाते, संगीत सिंधुदुर्गातल्या वसंत देसाई यांचे आणि शीर्षकगीताला उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज, इतके सगळे एका ठिकाणी पुन्हा जमून येणे अवघड. संध्या यांनी या चित्रपटासाठी गोपीकृष्ण यांच्याकडूनच नृत्याचे धडे घेतले होते. मुलांना कथा हवी असते आणि ती येथे आहे : शिस्तीचा कडक गुरू, त्याचा मुलगा, त्याची शिष्या आणि नृत्याची स्पर्धा.

त्यासोबत ‘मयूरी’ किंवा तिची हिंदी आवृत्ती ‘नाचे मयूरी’ (१९८६) जरूर ठेवावी. सुधा चंद्रन यांनी १९८१च्या अपघातात पाय गमावला, जयपूर पायाच्या आधारावर पुन्हा नृत्य सुरू केले आणि पडद्यावर स्वतःचीच भूमिका केली. पालकांना हा चित्रपट निश्चित आवडेल.


तत्कार यांचे उत्तर

‘झनक झनक’ला माझा पाठिंबा आहे. त्यातले रंग आणि देखावे आज काहींना भडक वाटतील, पण गोपीकृष्ण जेव्हा नाचतात तेव्हा त्यांना नाचायला पुरेशी मोकळी जमीन दिलेली आहे, आणि कथकला तेवढे पुरते. ‘मयूरी’बद्दल माझे मत वेगळे आहे. तो एका नर्तिकेच्या जिद्दीचा चित्रपट आहे आणि त्या जिद्दीला वंदनच केले पाहिजे, परंतु ताईंचा प्रश्न नृत्य पडद्यावर कसे दिसते याचा आहे. हा चित्रपट संपल्यावर मुले पायाबद्दल बोलतील, नृत्याबद्दल नाही.


यंत्रघर यांचे उत्तर

माझी हयात चित्रपटगृहाच्या प्रक्षेपण कक्षात गेली आणि नृत्याचे मला फारसे कळत नाही. मात्र वरच्या उत्तरांत ज्याला ‘संपूर्ण शरीर’ म्हटले आहे, ते चित्रपटात असूनही सभागृहात पोहोचत नाही, याची काही कारणे यंत्राची आहेत आणि त्यांकडे कोणी लक्ष देत नाही. म्हणून लिहितो.

पहिले कारण चौकटीचे. १९५५च्या आसपासपर्यंतचे आपले चित्रपट साधारणपणे १.३७ : १ या प्रमाणात चित्रित होत, म्हणजे चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी असे. आजच्या टीव्हीचा आणि बहुतेक प्रोजेक्टरचा आकार १६ : ९, म्हणजे सुमारे १.७८ : १ असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की आपल्याकडच्या उत्साही मंडळींना चैन पडत नाही आणि कोणीतरी रिमोट घेऊन चित्र ‘भरून’ टाकतो. चित्र ताणले, तर प्रत्येक नर्तक उंचीच्या मानाने सुमारे ३० टक्के रुंद होतो आणि त्याच्या चक्कराचे वर्तुळ लंबवर्तुळ होते. ताणण्याऐवजी ‘झूम’ केले, तर चित्राच्या उंचीतला जवळजवळ पाव भाग वरून आणि खालून कापला जातो. खालून काय कापले जाते, हे नृत्याच्या मंडळींना सांगायला नको : पाय! दिग्दर्शकाने जपलेले पाय आपण रिमोटच्या एका बटणाने घालवतो आणि मग कॅमेऱ्याला दोष देतो.

त्या जुन्या चौकटीचा नृत्याला फायदाच होता, असे माझे मत आहे. भरतनाट्यमची मुलगी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धी बसून, दोन्ही हात बाजूंना पसरते, तेव्हा तिची रुंदी आणि उंची फारशी वेगळी नसते. ती आकृती त्या चौकटीत नेमकी मावते. सिनेमास्कोप आला आणि चौकट लांबलचक झाली. त्यात एकट्या माणसाला पायांपासून डोक्यापर्यंत दाखवले, तर दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते, आणि ती भरायला मागे नर्तिकांची रांग उभी करावी लागते. ताईंना खटकलेल्या ‘पन्नास जणीं’चे एक कारण या आकारातही आहे. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट ‘कागज के फूल’ (१९५९), आणि तो करणारे गुरुदत्त स्वतः अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकलेले होते. त्यांनी ती रिकामी जागा नृत्यासाठी न वापरता एकटेपणासाठी वापरली.

दुसरे कारण गतीचे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने घेतलेला असतो, तर आपल्याकडची जुनी दूरचित्रवाणी पद्धत सेकंदाला २५ चित्रांची होती. त्यामुळे दूरचित्रवाणीसाठी किंवा डीव्हीडीसाठी उतरवलेल्या अनेक प्रतींत चित्रपट सुमारे चार टक्के वेगाने पळतो. शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो, हे साध्या प्रेक्षकाला जाणवत नाही, पण लय चढते, आणि आवाज वेगळा सुधारून घेतला नसेल तर षड्जही अर्धस्वराच्या पाऊण हिश्शाइतका वर जातो. मुले चित्राबरोबर ताल धरून पाहणार असतील किंवा कोणी तंबोरा जुळवून बसणार असेल, तर हा फरक नक्की कळेल. शक्य असेल तेथे अलीकडे जतन करून काढलेली प्रत मिळवावी.

परवानगीबद्दल एवढेच सांगतो की, एखादा चित्रपट इंटरनेटवर फुकट दिसतो म्हणून तो सभागृहात जाहीरपणे दाखवता येतो असे नाही. फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे चित्रपट संग्रहालय यांचे काम आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे (एनएफडीसी) आहे. त्यांच्याकडच्या माहितीपटांसाठी तेथे पत्र लिहावे.


टिळकवाडीकर यांचे उत्तर

यंत्रघर, तुमचे मनःपूर्वक आभार. रिमोटचा हा मुद्दा माझ्या मनात कधी आलाच नसता. आता एक शंका ध्वनीबद्दल विचारते. चित्रपटातल्या नृत्यात पायांचा आणि घुंगरांचा मेळ इतका बिनचूक असतो की मुले स्वतःच्या तत्काराबद्दल, म्हणजे पदन्यासाबद्दल, निराश होतात. हे घुंगरू खरेच त्या पायांतले असतात का?


तत्कार यांचे उत्तर

बहुतेक वेळा नसतात. चित्रपटगीत आधी ध्वनिमुद्रित होते, चित्रीकरणाच्या वेळी ते ध्वनिवर्धकावर लावतात, आणि घुंगरांचा आवाज नंतर ध्वनिमुद्रण कक्षात स्वतंत्रपणे भरतात. मुलांना हे आवर्जून सांगा, त्यांचा जीव हलका होईल.

परंतु यातला गंभीर भाग पुढे आहे. बैठकीत किंवा रंगमंचावर गाणारा नाचणाऱ्याच्या मागे असतो. भरतनाट्यमच्या वर्णमात, म्हणजे नृत्त आणि अभिनय दोन्ही असलेल्या मोठ्या रचनेत, नर्तकी एका ओळीचा संचारी, म्हणजे निरनिराळे अर्थ फुलवणारा, विस्तार करत असताना गायक ती ओळ तिला हवी तितक्या वेळा घोळवतो, टाळ धरून बोल म्हणणाऱ्या नट्टुवनाराची नजर तिच्या पायांवर असते आणि विस्तार संपल्याची खूण मिळाली की सगळे मिळून पुढे जातात. एक वर्णम अर्धा-पाऊण तास सहज चालते ते यामुळे. ध्वनिमुद्रिका आधी तयार झाली की हे नाते उलटे होते. नाचणाऱ्याला गाण्याच्या मागे धावावे लागते आणि ऐनवेळी सुचलेल्या भावाला जागा उरत नाही. त्यातच आपल्या चित्रपटगीताची लांबी जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या साडेतीन मिनिटांनी घडवली. अर्ध्या तासाची गोष्ट साडेतीन मिनिटांत सांगायची म्हटल्यावर तुकडे पडणारच. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी मी दोष देईन तो वेळेला. ‘गाईड’ (१९६५) मधले ‘पिया तोसे नैना लागे रे’ हे गाणे त्याच्या काळात बरेच लांब होते आणि वहीदा रहमान लहानपणापासून भरतनाट्यम शिकलेल्या, पण तेथेही सण बदलतात, वेश बदलतात आणि प्रत्येक कडवे नव्या जागी सुरू होते. ते गाणे मला फार आवडते. तरी शास्त्रीय नृत्याचा नमुना म्हणून मी ते लावणार नाही.


मलप्रभाकाठ यांचे उत्तर

अक्का, मी सौंदत्तीच्या बाजूचा. घरात मराठी आणि शिक्षण सगळे कन्नडमध्ये झाल्यामुळे या चर्चेत थोडा उशिरा पडतो आहे. तुम्ही पहिल्याच रविवारी राय यांचाच ‘बाला’ (१९७६) हा माहितीपट लावा, असे मी सुचवतो. भरतनाट्यमच्या नर्तकी टी. बालसरस्वती यांच्यावरचा हा चित्रपट अर्ध्या तासाहून थोडाच मोठा आहे, त्यामुळे कंटाळ्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्यात समुद्राच्या काठावर त्या ‘कृष्णा नी बेगने बारो’ सादर करतात. व्यासरायांचे हे कन्नड पद आपल्याकडच्या मुलांना उपशीर्षकांशिवाय कळते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना जे समजावून सांगावे लागेल, ते बेळगावात सांगावे लागणार नाही.

तत्कार यांचा निकष लावला तर या प्रसंगाबद्दल दोन मते होतील, हे मान्य करतो. खुल्या समुद्रावर वारा आहे, लाटांची हालचाल आहे, आणि ज्या अभिनयात भुवई किंचित उचलण्याला अर्थ असतो त्याच्यामागे इतके मोठे हलते दृश्य ठेवणे मला स्वतःला रुचत नाही. बालसरस्वतींचे पद चार भिंतींतच खुलले असते. पण नंतर बंदिस्त जागेत त्या पदवर्णम करतात, तो भाग मात्र मुलांनी दोनदा पाहावा. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सातव्या वर्षीच्या पहिल्या कार्यक्रमात बांधलेले तेच घुंगरू बांधून त्या नाचतात. शरीर जड झाले आहे, उड्या नाहीत, आणि तरीही नजर हलवता येत नाही. बारीक कंबर आणि झगमगीत दागिने म्हणजेच नर्तिका, अशी समजूत चित्रपटांनी मुलींच्या मनात करून दिली आहे. ती या एका वर्णमाने पुसली जाईल.

एक गोष्ट संयोजकांनी आधीच ठरवून ठेवावी. बालसरस्वती पिढीजात देवदासी परंपरेतल्या, वीणा धनम्माळ यांच्या नात. आपल्या भागात देवदासी हा शब्द उच्चारताच यल्लम्माचा डोंगर आणि जोगतिणी डोळ्यांपुढे येतात, आणि सभागृहातला एखादा पालक हमखास अस्वस्थ होऊन प्रश्न विचारतो. त्याला उत्तर टाळू नये. मद्रास प्रांतात मुली देवाला वाहण्यास बंदी करणारा कायदा १९४७चा, कर्नाटकाचा १९८२चा. दोन्हींमागच्या सामाजिक परिस्थितीत बरेच अंतर आहे. तंजावरच्या भागात या घराण्यांनी संगीत आणि नृत्य यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती आणि आज वर्गात शिकवले जाणारे भरतनाट्यम त्यांच्याकडूनच आले आहे. सौंदत्तीला वाहिलेल्या मुलींच्या वाट्याला बहुतांशी गरिबी आणि शोषण आले. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसवून मोकळे होण्याचा मोह टाळला, तर चर्चा चांगली होईल. आणि मुळात ज्या नृत्याला ‘सभ्य’ करण्यासाठी ज्या बायकांना बाजूला सारले गेले, त्यांच्यापैकी एकीचे नृत्य पडद्यावर टिकून राहिले आहे, हे पालकांनाही कळायला हवे.


निपाणीचा प्रेक्षक यांचे उत्तर

‘बाला’चे मान्य. मग उदय शंकर यांच्या ‘कल्पना’चे (१९४८) काय करायचे? नृत्यकाराने स्वतःच दिग्दर्शित केलेला असा दुसरा मोठा चित्रपट माझ्या तरी आठवणीत नाही.


तत्कार यांचे उत्तर

‘कल्पना’ शेवटी आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवावा. उदय शंकर लंडनला चित्रकला शिकायला गेले, रशियन बॅले नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हांबरोबर नाचले आणि मग आपल्या शैलींतून वेचून त्यांनी स्वतःची भाषा घडवली. त्यामुळे परीक्षेच्या अर्थाने ते शास्त्रीय नृत्य नव्हे. पण मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत झालेल्या या चित्रपटात एक वेगळीच गोष्ट पाहायला मिळते : यातले नृत्य रंगमंचावरून उचलून कॅमेऱ्यापुढे ठेवलेले नाही, ते कॅमेऱ्यासाठीच रचलेले आहे. सावल्या, एकावर एक उमटलेल्या प्रतिमा, असंभव वाटणारे देखावे हे सगळे नृत्यरचनेचाच भाग होते. येथे दृश्य तुटले तर नृत्य तुटत नाही, कारण ते तोडूनच बांधलेले आहे. जतन केलेली प्रत २०१२ साली कान महोत्सवात दाखवली गेली होती. यंत्रघर म्हणतात तशी प्रत हवी असेल, तर तीच मिळवण्याचा प्रयत्न करावा.

माहितीपटांत आणखी दोन नावे सुचवतो. अरुण खोपकर यांचा ‘संचारी’ (१९९१) हा लीला सॅमसन यांच्या भरतनाट्यमवर आहे, आणि कुमार साहनी यांचा ‘भावांतरण’ (१९९१) ओडिसीचे गुरू केलुचरण महापात्र यांच्यावर. चित्रपट आणि नृत्य या दोन्ही भाषा जाणणाऱ्या मराठी लेखकाचे काम म्हणून ‘संचारी’ आपल्या वाचनालयात तर दाखवलाच पाहिजे. खोपकरांची पुस्तके त्या दिवशी टेबलावर मांडून ठेवावीत. ‘भावांतरण’ संथ आहे. तो मुलांना जड जाईल, पण शिकवणाऱ्या मंडळींनी तरी पाहावा, कारण पुरुषाच्या प्रौढ शरीरातून राधा कशी उभी राहते हे त्यात स्वस्थपणे पाहता येते.


टिळकवाडीकर यांचे उत्तर

सर्वांचे आभार. तूर्त असे ठरवते आहे : पहिल्या रविवारी ‘बाला’, आणि पदवर्णमचा भाग चर्चेनंतर पुन्हा एकदा. मलप्रभाकाठ, त्या दिवशी देवदासी परंपरेबद्दल दहा मिनिटे बोलायला तुम्ही सौंदत्तीहून येऊ शकलात तर फार बरे होईल, कारण हा विषय माझ्यापेक्षा तुम्ही अधिक जबाबदारीने मांडाल. दुसऱ्या वेळी ‘शतरंज के खिलाडी’ आणि ‘देवदास’ यांतील दोन नृत्ये पाठोपाठ, आणि त्यानंतर भरतनाट्यमच्या वर्गासाठी ‘संचारी’. तिसऱ्या वेळी ‘झनक झनक पायल बाजे’ पूर्ण. ‘मयूरी’ या मालिकेत नसेल, पण शाळांसाठी तिचा वेगळा खेळ ठेवावा असे निपाणीकरांच्या सूचनेवरून सभासदांना सुचवणार आहे. ‘कल्पना’ची चांगली प्रत मिळाल्याशिवाय तो जाहीर करणार नाही.

यंत्रघर, सभागृहातला प्रोजेक्टर कोणीही लावतो आणि चित्राचा आकार बरोबर आहे की नाही हे आम्हाला ओळखता येत नाही. त्यासाठी काही सोपी खूण आहे का?


यंत्रघर यांचे उत्तर

आहे. खेळाच्या अर्धा तास आधी कागदावर परकाराने काढलेल्या वर्तुळाचे छायाचित्र त्याच संगणकावरून पडद्यावर टाका आणि फुटपट्टीने किंवा काठीने आडवे व उभे मोजा. दोन्ही मापे सारखी आली, तर यंत्राची मांडणी ठीक आहे. मग चित्रपट सुरू करून एखादे गोल वाद्य, उदाहरणार्थ तबल्याचे समोरून दिसणारे तोंड किंवा टाळ, पडद्यावर गोल दिसते का ते पाहा. तेथे अंडाकृती दिसले तर दोष प्रतीत आहे आणि ती प्रत बदलावी. एवढे झाल्यावर रिमोट खिशात ठेवा आणि काळ्या पट्ट्यांबद्दल कोणी तक्रार केली तरी तो बाहेर काढू नका.